दगडातला दोर

मसाल्याचे दिवस आले, हे आमच्या चाळीत शिंकांवरून कळतं. सकाळी कुणाच्या तरी दारात मिरच्या पसरल्या जातात, पहिली शिंक येते, मग पलीकडच्या खोलीतून तिला उत्तर येतं, आणि दुपारपर्यंत अख्खं तुर्भे शिंकत असतं. माणसं शिंकता शिंकता हसतात. वर्षभर ज्यांच्याशी पाण्यावरून भांडण, त्यांच्याकडूनही या दिवसांत खलबत्ता मागून आणता येतो.

परवा आम्ही पाच जणी मिळून एपीएमसीच्या मसाला मार्केटात गेलो. मिरची, धणे, खोबरं यांची घासाघीस बाकीच्या जणी करतात. दगडफुलाचं पोतं दिसलं की मी तिथंच थांबते. अर्धा किलो घेतलं तर उशीएवढी पिशवी होते आणि वजन तर हातालाच लागत नाही. राखाडी, काळपट, कडेला झालर असल्यासारखं. मी एकेक तुकडा उलटून बघत होते तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, मसाला घेताय की साडीची किनार?"

दगडफूल हातात घेतलं की मला वेल्स आठवतं. आता तुम्ही म्हणाल, तुर्भ्याच्या बाईला वेल्स कुठून आठवणार. खरंय. मी तिथं गेलेली नाही, जाणारही नाही. इंग्लंडच्या कुशीला चिकटलेला देश, एवढंच मला ठाऊक, आणि तेही साळवे सरांनी स्वतःच्या तळव्यावर बोटानं दाखवलं म्हणून. पण एका मसाल्याच्या मोसमात, होळीपासून ईस्टरपर्यंत, मी रोज तिथल्या एका चर्चच्या आवारात जाऊन येत होते. आणि रोज घाबरत होते.

घाबरणं माझ्या अंगातच आहे. फोन वाजला तरी आधी छातीत धस्स होतं, की गावाकडून काय निरोप. सातवीतनं शाळा सुटली तेव्हापासूनचं असेल. आमच्या घरी दोर वळायचा धंदा. माणदेशात बांधाबांधाला घायपात उगवतं. त्याची पानं पाण्यात कुजवायची, झोडायची, त्यातला धागा काढायचा, त्याला आम्ही वाख म्हणतो. मग एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं वाख सोडत उलट पावली मागं मागं जायचं. चाकाला माणूस कमी पडलं आणि मी शाळेतनं उठले. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, त्यात दोष नव्हता. ते मागं जाता जाता मला पाढे विचारायचे. पुढं लग्न झालं, नवरा न्हावा शेव्याच्या गाड्यांवर ड्रायव्हर, म्हणून मी इकडं आले. गाव एका रात्रीच्या एसटीवर असलं तरी वर्षातनं एकदाच दिसतं.

महाप्याला दगडाच्या कारखान्यात मला काम मिळालं ते पाण्याच्या पाइपावर. ओट्याच्या लाद्या, तुळशीवृंदावनं, देवळासाठी नंदी, बंगल्यांच्या पाट्या असं सगळं तिथं होतं. पुरुष घडवतात, बायका दगडावर पाणी मारतात आणि घासून गुळगुळीत करतात. दोन वर्षं मी पाइप धरला आणि तीही नोकरी मला कौतुकाची वाटायची. छिन्नी मात्र यल्लप्पा मिस्त्रींची. सोलापूरच्या पलीकडचे, सात पिढ्या पाथरवट. बोलणं कमी, टोमणे जास्त.

तिथं एके दिवशी साळवे सर आले. वय झालेलं, पण पाठ ताठ. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, जहाजावर इंजिनिअर होते, निवृत्त होऊन नेरूळला राहिलेले. त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. ती वेल्सची, नाव ग्वेन. आमचे मिस्त्री शेवटपर्यंत 'गेनबाई' म्हणत राहिले आणि सरांनी ते एकदाही दुरुस्त केलं नाही. तिला इथल्याच दफनभूमीत ठेवलं होतं, आणि तिच्या कबरीवर सरांना तिच्या गावचा क्रूस हवा होता. ईस्टरच्या आधी.

त्यांनी टेबलावर मोठे फोटो पसरले. मी पाइप बंद करून लांबूनच मान लांब केली. पावसात भिजलेलं हिरवं आवार. काळपट झाडं, सर म्हणाले त्यांना यू म्हणतात आणि ती चर्चपेक्षाही म्हातारी. वाकड्यातिकड्या कबरींच्या मधोमध चार पायऱ्या, त्यांवर खांब, खांबावर गोल चकती आणि चकतीत कोरलेला क्रूस. हजारेक वर्षांपूर्वीचा असेल म्हणतात. कुणी केला माहीत नाही. आधी क्रूस उभा राहिला, लोक त्याच्याभोवती जमून प्रार्थना करायचे, भिंती आणि छप्पर नंतर आलं. मला ते फार आवडलं. आमच्याकडंही आधी झाडाखाली दगड असतो, देऊळ कुणीतरी नंतर बांधतं.

चकतीची उजवी बाजू तुटलेली होती. भाकरीचा एक घास तोडावा तशी.

"कुणी तोडली?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुणी म्हणतं धर्माच्या भांडणात, कुणी म्हणतं वादळात. मला हुबेहूब असाच करून द्या. जसा आहे तसा."

मिस्त्रींनी मान हलवली. मग भिंग घेऊन फोटोवर वाकले आणि वैतागले. "नक्षी दिसंना की हो. दगडावर कसले हे डाग पडलेत? बुरशी का काय?"

"दगडफूल आहे ते," मी म्हणाले.

तोंडातनं निघून गेलं. मालकांसमोर आणि गिऱ्हाइकासमोर आम्ही बायका बोलत नाही. मी पटकन पाइप उचलला. पण सर माझ्याकडं वळले होते.

"काय म्हणालात?"

"मसाल्यातलं दगडफूल, सर. तसलंच दिसतंय. चुकलं असेल तर..."

सर खुर्चीत बसले आणि हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. ग्वेन लग्न होऊन इथं आली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी तिला मसाल्याच्या बाजारात नेलं होतं. तिनं पोत्यात हात घातला आणि ओरडलीच, हे आमच्या क्रुसावर उगवतं! तुम्ही हे खाता? भर बाजारात हसत होती आणि रडत होती. मग दर उन्हाळ्यात मसाला तीच करायची, आणि दगडफूल मापापेक्षा जास्त घालायची. सर म्हणाले, "आमच्या घरचं मटण पस्तीस वर्षं वेल्ससारखं लागत होतं. मी कधी गेलो नसतो तरी मला तो देश जिभेनं ओळखता आला असता."

नक्षीचा प्रश्न तसाच राहिला. खांबभर आणि चकतीभर एक पट्टी वळत गेलेली, मध्येच दगडफुलाखाली बुडालेली, पुढं कुठं निघते ते कळेना. मिस्त्री म्हणायचे नागोबा आहेत, पॉलिशवाले म्हणायचे वेल आहे. तीन दिवस कागदावर रेघा ओढून मिस्त्री कावले. नागाला डोकं सापडत नव्हतं आणि वेलीला पान.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत तो फोटो बघत होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं. तो दोर होता! दोन पदरी दोर, एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून. बैलाच्या तोंडाला बांधायची मुसकी अण्णा अशीच विणायचे. ज्या कुणी तो क्रूस कोरला त्याच्या घरात कुणीतरी दोर वळत असणार, हे खोटं आहे असं मला अजूनही कुणी पटवू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सुतळीचं बंडल घेऊन गेले. फोटो टेबलावर ठेवून त्याच्या शेजारी सुतळीनं विणत गेले. जिथं दगडफुलानं झाकलं होतं तिथं सुतळी स्वतःच सांगायची. वरून आलीय म्हणजे आता खालीच जाणार, तिला दुसरी वाटच नाही. तासाभरात अख्खा खांब टेबलावर आडवा पडला होता. कुठंही गाठ नाही, कुठंही टोक नाही. सुरुवात केली तिथंच येऊन मिळाला.

मिस्त्रींनी सुतळीवरून बोट फिरवून बघितलं. "दोरखंडवाल्याच्या पोरी," ते म्हणाले, "एवढी दोन वर्षं नुसतं पाणी मारलंस होय माझ्या दगडांवर?"

त्यांनीच मालकांना सांगितलं, नक्षी हिला काढू दे, हिच्या बोटांना वाट कळते. मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "हा एक दगड. पार्टीनं पसंत केला तर पुढचं बघू. नापसंत झाला तर पाइप आहेच, आणि मग परत छिन्नीचं नाव काढायचं नाही." सरळ बोलणं होतं. त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. पण त्या दिवसापासून माझा जीव त्या दगडात अडकला.

आणि तरी सांगते, तसे सुखाचे दिवस मी फार कमी बघितलेत. काळा पाषाण, माझ्या खांद्याएवढा. मिस्त्रींनी उठाव धरून द्यायचा, म्हणजे आजूबाजूचा दगड खोल करून द्यायचा, आणि मी दोर काढत जायचं. पहिले दोन दिवस बोटांवर हातोडी जास्त आणि छिन्नीवर कमी. समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावर मिरच्या वाळत असायच्या, वारा आला की आम्ही सगळे एकदम शिंकायचो, आणि मिस्त्री ओरडायचे, "शिंकताना हात वर! हात वर!" दगड तापायचा. छिन्नीचा आवाज हळूहळू बदलत जातो हे मला तेव्हा कळलं. आधी दगड नको नको म्हणतो, मग गप्प होतो, मग सूर धरतो. रात्री डोळे मिटले की हिरवं आवार दिसायचं, पाऊस, पायऱ्या. मी न बघितलेल्या गावाची वाट मला पाठ झाली होती. आईला फोनवर सांगितलं, मी दगडाचा दोर वळतेय. आई म्हणाली, "काय बाई बोलतीस, जेवलीस का?"

चूक झाली ती त्या तुटलेल्या बाजूची.

आता मागं वळून बघताना वाटतं, सर स्पष्ट म्हणाले होते, जसा आहे तसा. पण पाथरवटाच्या कानाला ते ऐकूच गेलं नाही. खंडित मूर्ती आमच्यात कुणी पुजत नाही. बोटाएवढा टवका उडाला तरी ती पाण्यात सोडायची आणि नवी करायची. मुद्दाम फुटकी घडवायची ही गोष्ट मिस्त्रींच्या सात पिढ्यांत कुणी केली नव्हती. "माणूस दुःखात काहीही बोलतो," ते म्हणाले. "बायकोच्या उशाला फुटका देव कोण ठेवेल? पूर्ण कर. बघून खूश होतील."

मला ते अगदी पटलं. मीही त्याच मातीतली. आणि खरं सांगायचं तर मला मोह पडला होता. त्या बाजूचा फोटो नव्हताच, शेकडो वर्षांत ती कुणी बघितली नव्हती. दोर कुठून आत शिरेल, कुठून बाहेर पडेल, हे माझं मला ठरवायचं होतं. तीन दिवस मी त्या भाकरीच्या घासाएवढ्या जागेत होते. कुणाचं बघून नाही, कुणी सांगून नाही. तिथला वळसा इतका सुरेख उतरला की मी डबा खातानाही एक हात त्याच्यावर ठेवून बसायचे.

सर बघायला आले ते झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, दुसऱ्या दिवशी. मिस्त्रींनी दगडावरचा ओला कपडा काढला. सर बघत राहिले. खांबावरून बोट फिरवत वर गेले, चकतीपर्यंत आले, आणि उजवीकडं थांबले. हसू होतं ते गेलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "फार सुंदर. पण हा तो नाही."

मिस्त्रींनी खुर्ची पुढं केली. मग सरांनी सांगितलं. ग्वेन लहान असताना रोज शाळेतून येताना त्या पायऱ्या चढायची. सर्वांत वरच्या पायरीवर टाचा उंच केल्या की हनुवटी बरोबर त्या तुटलेल्या खाचेत बसायची. तिथून नजर पुढच्या टेकडीवरून पलीकडं जायची आणि समुद्राचा एक तुकडा दिसायचा. त्यात कधीकधी जहाज. "तिनं पहिलं जहाज तिथून बघितलं," सर म्हणाले. "मी नंतर तसल्याच एका जहाजातून आलो. ती मला म्हणायची, क्रूस धड असता तर मी तुझ्याकडं कशी आले असते?"

पाइप, पाण्याचा आवाज, सगळं आधीच कानात वाजायला लागलं. मिस्त्रींनी माझं नाव घेतलं नाही, हे त्यांचे उपकार. पण मग मलाच राहवेना.

"सर, ती बाजू मी केलीय," मी म्हणाले. "तुम्ही जसा आहे तसा म्हणाला होता. आम्ही ऐकलं नाही. काढून टाका ती."

"काढता येईल?" सरांनी मिस्त्रींना विचारलं. "सहा दिवसांवर ईस्टर आहे."

मिस्त्रींनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. "सर, माझ्या हातानं नाही. घडवलेलं फोडायला बसलो तर माझा बाप वर बसून शिव्या घालील."

"मग हातोडी द्या. चाळीस वर्षं इंजिनं खोललीत मी."

सरांनी बाह्या दुमडल्या. पहिला घाव दगडावरून घसरून हवेतच गेला. दुसऱ्याला छिन्नीच हातातून उडाली. मिस्त्री प्रत्येक घावाला डोळे मिटत होते, जसं कुणी त्यांचाच दात उपटतंय. तिसऱ्या घावाला भलत्याच ठिकाणी टवका उडाला आणि मिस्त्री ओरडले, "अहो, अहो, अहो! धोपटताय काय? गोधडी आहे का ती? व्हा बाजूला!"

सर मुकाट्यानं बाजूला झाले. मला अजून शंका आहे की त्यांना तेवढंच हवं होतं.

मिस्त्रींनी चपला काढल्या. दगडाला हात लावून कपाळाला लावला, त्यांच्या भाषेत त्याच्याशी काहीतरी पुटपुटले, रागावून नव्हे, आजाऱ्याला समजावतात तसं. मग दगडाची शीर बघून बारीक भोकांची एक ओळ पाडली, त्यात पाचरी बसवल्या, आणि मला म्हणाले, "खालून धर. तुझंच आहे, जमिनीवर पडू देऊ नको." एकेका पाचरीला हलकी हलकी टिचकी. शेवटी फक्त 'टक' झालं, आणि माझे तीन दिवस माझ्या ओंजळीत आले. जड होते, गरम होते.

वाईट वाटलं का, तर वाटलं. पण विचार करायला वेळ नव्हता, कारण नुकता फुटलेला दगड चकाकतो. कालच तुटलेलं दिसत होतं, आणि दिसायला हवं होतं शेकडो वर्षांपूर्वीचं. छिन्नीनं ते होत नाही. ते फक्त पाण्यानं आणि घासण्यानं होतं, आणि त्यात माझी दोन वर्षं गेली होती. वेल्सच्या पावसानं जे काम शेकडो वर्षांत केलं ते मला चार दिवसांत करायचं होतं. मी वाळू टाकत, पाणी मारत, तुटल्या कडेवर तळवा फिरवत बसले. कड बोथट झाली, मग मऊ झाली. शनिवारी सरांनी गुडघ्यात वाकून खाचेत हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. पाच मिनिटं तरी तशीच ठेवली होती. उठले तेव्हा म्हणाले, "बसली." एवढंच.

संध्याकाळी क्रूस दफनभूमीत उभा राहिला. सरांनी प्रार्थना मराठीत म्हटली. तिलाही मराठीचीच सवय होती, म्हणाले.

सगळं नीट झालं. पण मला कुणी काही बोललं नव्हतं. मालक येऊन बघून गेले, "ठीक आहे" म्हणाले, ते दगडाला म्हणाले की मला, कळलं नाही. छिन्नी परत ठेव असंही कुणी म्हणेना आणि असू दे असंही कुणी म्हणेना. विचारायचा माझा स्वभाव नाही. मी ती फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि रात्रभर तिचं टेन्शन घेऊन कूस बदलत राहिले.

एक काम मात्र राहिलं होतं. तो तुटका भाग मिस्त्री कारखान्यात ठेवू देईनात. घडवलेला आहे, खंडित झालाय, पाण्यातच सोडायला हवा. सर म्हणाले, मीही येतो. तेव्हा ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत आम्ही तिघं आणि ड्रायव्हर, मांडीवर तो दगड आणि एक नारळ, असे दिवाळे गावाच्या जेट्टीवर गेलो. भरती चढत होती. लांब चिखलाच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती, ती एकदम उचलली गेली आणि आमच्या डोक्यावरून गेली. सर टोपी काढून वर बघत राहिले. मिस्त्रींनी दगडाला हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला, सरांना खोबरं दिलं. सरांनी क्रुसाची खूण केली आणि खोबरं खाल्लं. मग मी पायऱ्या उतरून तो वळसा पाण्यात सोडला. गटांगळी न खाता गेला.

शेजारी होडीत जाळं झटकत एक कोळी काका आमची गंमत बघत होते. हळद-कुंकू, नारळ, आणि टोपी काढून क्रुसाची खूण करणारा म्हातारा. त्यांना राहवलं नाही.

"काय सोडलाव ओ पान्यात? मूर्ती हाय का?"

"मूर्ती नाही," मिस्त्री म्हणाले. "क्रुसाचा तुकडा. आमच्याकडनं चुकून जास्त झाला."

"नक्षी बेस होती. कोनी केली?"

मिस्त्रींना हा प्रश्न आयुष्यभर लोकांनी विचारलाय आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, आमच्या कारखान्याचं काम. मी तेच ऐकायच्या तयारीत होते.

त्यांनी हनुवटी माझ्याकडं केली. "हिनं. शालन. आमच्याकडची कारागीर आहे."

"ही बाई?"

"हीच," मिस्त्री म्हणाले, आणि मग माझ्यावर खेकसले, "उभी काय राहिलीस? वाशीच्या एका सोसायटीचं वृंदावन आलंय. अकरा वाजता बसायचंय तुला त्याच्यावर."

सर हसले. मी ओल्या पायांनी पळत जाऊन सगळ्यांच्या आधी टेम्पोत बसले.